वळणाला भिंत लागते तेव्हा

(कृष्णाकाठच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं हे भाषण. बोलण्यातल्या पुनरुक्ती काढून लेखरूपात दिलं आहे.)

नमस्कार. समोर बरीच नदीकाठची माणसं दिसताहेत, म्हणून सुरुवात मळीपासूनच करतो.

माझ्या आजोबांची कृष्णाकाठी पावणेदोन एकर मळी होती. मळी म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. वळणाच्या आतल्या बाजूला नदी दर पावसाळ्यात गाळ आणून टाकते. त्या गाळाची नदीकडे उतरत जाणारी, भुसभुशीत जमीन म्हणजे मळी. कृष्णाकाठची वांगी नाव काढतात ती या मळीच्या जोरावर. आमच्या बाजूला गाळ पडायचा आणि समोरच्या थडीची उभी दरड ढासळायची. समोरचे शेतकरी बाजारात भेटले की आजोबांना म्हणायचे, "अण्णा, आमचं रान तुमच्यात आलंय बरं का." बोलणं हसत व्हायचं, पण त्यांची दरवर्षी हात-दोन हात जमीन जात होती हे खरंच होतं.

मी शाळेत असताना समोरच्या दरडीला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, झालं. ढासळणं थांबलं, सगळ्यांना हायसं वाटलं. मग चार-पाच पावसाळे गेले. पिचिंगच्या पायथ्याशी उन्हाळ्यात जिथे छातीएवढं पाणी असायचं, तिथे आता बांबू टेकेना. आणि तिथून तीन-चारशे मीटर खाली, आमच्याच बाजूची, तोवर कधी न हललेली दरड कापायला लागली. आजोबांची मळी राहिली, पण त्यांच्या धाकट्या भावाची बांधीव विहीर नदीत गेली. आजोबा एकच विचारायचे, "दगड तिकडं लावला, मग विहीर इकडची का गेली?"

या प्रश्नामुळे मी भूगोलाकडे वळलो. आज तासाभरात त्याचं उत्तर सांगायचा प्रयत्न करतो.

आधी नदी का वळते, ते पाहू. चहाचा कप घ्या. चहा न गाळता ओतला असेल, तळाशी पत्ती असेल, तर चमच्यानं गोल ढवळा आणि थांबा. गोल फिरणारी वस्तू बाहेर फेकली जाते, तेव्हा पत्ती कपाच्या कडेला जायला हवी. ती मात्र तळाच्या मधोमध गोळा होते. १९२६ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये प्रशियन अकादमीपुढे आइनस्टाइननं एक छोटा निबंध वाचला. विषय नद्यांच्या वळणांचा होता आणि दाखला या चहाच्या पत्तीचा होता. फिरणारा चहा बाहेर रेटला जातो, त्यामुळे कडेला त्याची पातळी किंचित चढते आणि तिथला दाब वाढतो. तळाशी घर्षणामुळे चहाचा वेग कमी असतो, म्हणून त्याचा बाहेरचा रेटाही कमी. कडेचा वाढलेला दाब या संथ तळच्या चहाला आत ढकलतो आणि तो पत्तीला घेऊन मध्यावर येतो. हीच गोष्ट नदीच्या वळणाला लावून जेम्स थॉमसन यांनी १८७६ मध्येच मांडली होती. लॉर्ड केल्विन म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांचे हे थोरले बंधू.

आता कप विसरा आणि वळणावर उभे राहा. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाला जाऊन धडकतं, तिथे बुडी मारतं, तळातून वाळू आणि गाळ घेऊन आतल्या काठाकडे परततं. म्हणजे नदी नुसती पुढे जात नाही, ती पीळ घेत जाते, दोरखंडाचा पीळ असतो तशी. बाहेरच्या काठाला दरड आणि डोह, आतल्या काठाला मळी. एका वळणातून सुटताना पाणी समोरच्या काठाकडे झुकलेलं असतं, म्हणून पुढचं वळण उलट बाजूला. एकदा हे सुरू झालं की वळणांची साखळीच तयार होते. इंग्रजीत अशा वळणांना ‘मिअँडर’ म्हणतात. तो शब्द आजच्या तुर्कस्तानातल्या मेंदेरेस नदीच्या प्राचीन ग्रीक नावावरून आला. आपल्याकडे भीमेनं पंढरपूरला चंद्रकोरीसारखं वळण घेतलं आणि लोकांनी तिचं नावच चंद्रभागा केलं.

या वळणांना शिस्त असते, आणि मला या विषयात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातल्या लूना लिओपोल्ड यांनी १९६० च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर अनेक नद्यांची वळणं मोजली. अंगणातल्या पाटाएवढे ओहोळ आणि मिसिसिपीसारख्या महानद्या, दोन्हींचा हिशेब जवळपास एकच निघाला. डावं-उजवं मिळून एका पूर्ण नागमोडीची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा ते चौदा पट. वळणाच्या गोलाईची त्रिज्या बहुतेक वेळा रुंदीच्या दोन-तीन पट. पात्र शंभर मीटर रुंद असेल तर नदीला एक वेढा पुरा करायला किलोमीटरभराहून जास्त लांबी लागते आणि दोन्ही बाजूंना डुलायला भरपूर जागा लागते. ती जागा हा आजच्या भाषणाचा खरा विषय आहे.

जागा मिळाली तर काय होतं हे शाळेच्या पुस्तकात असतं. वळण फुगत जातं, त्याची मान बारीक होते, एका पुरात मान तुटते, नदी आखूड वाटेनं निघून जाते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं.

जागा नसेल तर? हे पाहायला कॅनडात अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत जावं लागेल. हिमयुग संपताना वितळत्या बर्फाच्या प्रचंड लोंढ्यांनी तिथल्या सपाट माळरानात खोल दऱ्या खोदल्या. लोंढे संपले, दऱ्या राहिल्या. आज त्या दऱ्यांच्या तळाशी कितीतरी लहान नद्या वाहतात, अल्बर्टातली बीव्हर नदी त्यातलीच एक. नदी लहान असली तरी डुलण्यासाठी तिला जेवढी रुंदी हवी, दरीचा तळ त्याहून अरुंद आहे. त्यामुळे प्रत्येक वळण कुठेतरी दरीच्या भिंतीला जाऊन टेकतं. अशा तेवीस ठिकाणांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलेली गोष्ट माझ्या आजोबांच्या प्रश्नापर्यंत येते, म्हणून जरा लक्ष देऊन ऐका.

तिथल्या वळणांना आडवं वाढता येत नाही. त्यांचा गोलवा मोडतो. भिंतीला लागून लांब सरळ पल्ला आणि मग एकदम वाकलेला कोपरा, असा चौकटी आकार येतो. वळणाची मान बारीक व्हायची वेळच येत नाही, त्यामुळे नालाकृती सरोवरंही जवळजवळ दिसतच नाहीत. पण कापण्याचं काम थांबत नाही. आडवी वाट बंद झाली की नदी तेवढीच कापणी उताराच्या दिशेनं करते. सगळी साखळी, वळणामागून वळण, दरीतून खाली सरकत राहते, जमिनीवरून साप सरपटत जावा तशी. दोन भिंतींमधला काठ त्यामुळे पाळीपाळीनं नदीखालून जातो. आज जिथे मळी आहे तिथे काही पिढ्यांनी दरड असेल आणि पुढे पुन्हा मळी.

आजोबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. समोरचं पिचिंग म्हणजे माणसानं बांधलेली दरीची भिंत. वळणाला तिकडे सरकता येईना. पिळाचं पाणी दगडाच्या पायथ्याशी बुडी मारत राहिलं, म्हणून डोह खोल झाला. मातीची दरड ढासळताना त्या पाण्याचं जे बळ खर्च व्हायचं, ते आता पुढे जाऊ लागलं. पुढचं वळण उलट बाजूचं, म्हणजे आमचं.

इथे एक गंमत सांगतो, मूळ विषयाला थोडी सोडून आहे, पण मला ती फार आवडते. बाहेरचा काठ झिजतो आणि आतला वाढतो, असं मी आत्ताच सांगितलं. कोंडलेल्या वळणात कधीकधी नेमकं उलटं होतं. पाणी फार आखूड कोपऱ्यात भिंतीवर आपटलं की त्याचा मुख्य झोत काठ सोडून मध्ये येतो आणि बाहेरच्या काठाशी, कोपऱ्याच्या वरच्या अंगाला, एक संथ भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात अगदी बारीक गाळ आणि पालापाचोळा बसत जातो, आणि जिथे दरड हवी तिथे चक्क गाळाचा एक बाक, म्हणजे सपाट कट्टा, तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या मरमबिजी नदीवर अशा बाकांचा १९८२ मध्ये नीट अभ्यास झाला. तुमच्याकडे घाटाच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यानंतर मऊ चिखल साचत असेल आणि दरवर्षी तो उपसावा लागत असेल, तर एकदा तिथल्या पाण्यात काडी टाकून बघा. ती उलटी, म्हणजे वरच्या दिशेला फिरते का?

आता आपल्या दख्खनकडे या. आपल्या नद्यांना कॅनडासारख्या दऱ्यांच्या भिंती सगळीकडे नाहीत, पण जागोजाग काळा पाषाण आडवा येतो. नदी बाजूला जाऊ शकत नाही तिथे ती खाली जाते. याचा देखणा पुरावा पारनेर तालुक्यात निघोजजवळ आहे. कुकडीच्या पात्रात बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे खडकाला घासत राहिले आणि रांजण तयार झाले. लोक तिथे देवदर्शनाला जातात, फोटो काढतात. पुढच्या वेळी गेलात तर ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, की मातीत आडवी पसरली असती ती ताकद या खडकात उभी उतरली आहे.

अरुंद खडकाळ घळीत पुराचं पाणी पसरत नाही, सरळ वर चढतं. पुणे विद्यापीठातले प्रा. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतल्या अशाच घळींचा उपयोग करून घेतला. फार मोठ्या पुरांनी कडेच्या कोनाड्यांत, पाणी संथ होतं तिथे, उंचावर ठेवून दिलेला गाळ त्यांनी शोधला. मोजमापं सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे पूर त्यावरून कळले. रुंद पात्रात असा पुरावा टिकला नसता.

म्हणजे कोंडलेल्या नदीचं काम तीन दिशांना जातं. खाली, म्हणजे डोह. पुढे, म्हणजे पुढची दरड. आणि वर, म्हणजे पुराची पातळी. निसर्गानं कोंडलेल्या नदीला हे पचवायला हजारो वर्षं मिळालेली असतात. आपण कोंडतो तेव्हा एवढा वेळ नसतो.

थोडा हिशेब करू, फळ्यावर लिहितो. समजा पुरात सेकंदाला १,००० घनमीटर पाणी वाहतंय आणि नदीचा उतार दोन किलोमीटरला एक मीटर आहे. एवढं पाणी उतरताना नदीच्या दर मीटर लांबीत साधारण ४,९०० वॅट शक्ती खर्च होते. पात्र २०० मीटर रुंद असेल तर तळाच्या दर चौरस मीटरला सुमारे २५ वॅट आले. दोन्ही बाजूंनी भिंती घालून पात्र १०० मीटरचं केलं तर तेच पाणी, तोच उतार, आणि चौरस मीटरला ४९ वॅट. डेन्मार्क आणि इंग्लंडमध्ये सरळ केलेल्या नद्या-ओढ्यांची १९८० च्या दशकात पाहणी झाली. जिथे हा आकडा साधारण ३५ च्या वर होता तिथे नद्यांनी काठ खाऊन पुन्हा वळणं घ्यायला सुरुवात केली होती. त्याखाली असलेल्या नद्या बहुतांशी गप्प राहिल्या. आपल्या नद्यांची माती वेगळी, पावसाळा वेगळा, म्हणून ३५ हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण रुंदी अर्धी केली की जोर दुप्पट होतो, हा हिशेब जगात कुठेही तोच राहतो.

आता तुम्हाला हंगेरीत नेतो. तिसा नावाची नदी आहे. कार्पेथियन पर्वतातून उतरते आणि सपाट मैदानात आल्यावर तिचा उतार इतका कमी होतो की ती वेढ्यावर वेढे घेते. तिची लांबी जवळजवळ १,४२० किलोमीटर होती. पुरात मैदानाचा फार मोठा भाग महिनोन् महिने पाण्याखाली राहायचा. १८४६ मध्ये काऊंट सेचेनी यांच्या पुढाकारानं आणि पाल वाशारहेयी या अभियंत्याच्या आराखड्यानुसार नदी सुधारायला घेतली. वाशारहेयी त्याच वर्षी वारले, काम पुढे चालू राहिलं. शंभराहून अधिक वळणं कापून नदी सरळ केली, दोन्ही बाजूंना मातीचे बांध घातले. लांबी ९७० किलोमीटरच्या आत आली. त्या काळात युरोपात एवढं मोठं नदीकाम दुसरं क्वचितच झालं असेल. लाखो हेक्टर जमीन लागवडीला आली, आणि त्या शेतकऱ्यांचा आनंद मला समजतो. आमच्या समोरच्या थडीलाही पिचिंग झालं तेव्हा असाच आनंद होता.

१८७९ च्या मार्चमध्ये, १२ तारखेच्या पहाटे, सेगेद शहरावर तिसाचं पाणी आलं. वरच्या अंगाला बांध फुटला होता. साडेपाच हजारांहून जास्त घरांपैकी जेमतेम काही शेकडा उभी राहिली. सम्राट फ्रान्झ योझेफ पाहायला आले. युरोपभरातून मदत आली. आजही सेगेदच्या वर्तुळाकार रस्त्याच्या तुकड्यांना लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना, ब्रसेल्स अशी त्या मदत करणाऱ्या शहरांची नावं आहेत.

माझ्या दृष्टीनं तिसाची गोष्ट सेगेदच्या पुरावर थांबत नाही, खरी गोष्ट त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत आहे. सेगेदनंतर बांध आणखी उंच केले, पुन्हा उंच केले. पूर्वी नदीचा गाळ सगळ्या मैदानावर पातळ थरात पसरायचा. आता तो दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यातच बसू लागला. पट्टा चढत गेला, त्यावर झाडोरा वाढला, पाणी अडखळू लागलं, पुराची पातळी पुन्हा वर गेली. १९९८ ते २००१ या चार वर्षांत लागोपाठ मोठे पूर आले आणि ठिकठिकाणी जुने विक्रम मोडले. मार्च २००१ मध्ये तार्पा या गावाजवळ बांध फुटला. त्यानंतर हंगेरीनं नवा आराखडा केला. त्याला त्यांनी वाशारहेयींचंच नाव दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. बांध आणखी उंच करण्याऐवजी बांधाबाहेरच्या ठरवलेल्या जमिनीवर पुराचं पाणी मुद्दाम घ्यायचं आणि बांधांमधली वाट मोकळी करायची, हा त्याचा गाभा. दीडशे वर्षांपूर्वी काढून घेतलेली जागा, थोडी का होईना, नदीला परत.

बांध आणि पूर यांच्यातली आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेत कळली. इंग्लंडमध्ये वॉलिंगफर्ड इथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस पन्नास-साठ मीटर लांबीचं नदीचं मोठं प्रारूप बांधलं होतं. मधे नागमोडी पात्र, दोन्ही बाजूंना पूरमैदान. पाणी काठाच्या आत असेपर्यंत पीळ मघाशी सांगितला तसाच फिरत होता. पाणी काठावर चढून मैदानातून वाहू लागलं की ते वळणाची पर्वा न करता दरीच्या उतारानं सरळ निघालं, वळणं आडवी कापत. आणि त्या आडव्या पाण्यानं खालच्या पात्रातला पीळ उलट्या दिशेनं फिरवला. महापुरात नदीचा प्रवाह वेगळाच होतो, तो यामुळे. तुमच्यापैकी ज्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले, त्यांना हे सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत ज्यांनी गच्चीवरून पाणी पाहिलं ते सांगतात, की ते घाटाकडून येत नव्हतं, शेतांतून, रस्त्यांतून, भलत्याच दिशेनं येत होतं. वळण चुकवून धावणारं पाणी असंच येतं. ती आडवी वाट आपण भरावाच्या रस्त्यानं, कंपाउंडच्या भिंतींनी, वस्तीनं बंद केली, की सगळ्या पाण्याला वळसा घेऊनच जावं लागतं. मग वळसा फुगतो.

शहरातल्या नदीचं मुंबईच्या मिठीएवढं बोलकं उदाहरण नाही. विहार आणि पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघते, अठरा किलोमीटर वाहते, माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवलं, धावपट्टीखालून नेलं. खाली खाडीच्या तोंडाशी खारफुटीची जमीन भरून काढली. नदीच्या नैसर्गिक वळणाची त्रिज्या रुंदीच्या दोन-तीन पट असते, हे आठवा. काटकोनाला त्रिज्याच नसते. अशा कोपऱ्यात पाणी भिंतीवर आदळतं, आतल्या अंगाला मेलेलं पाणी राहतं, तिथे गाळ आणि कचरा बसतो, वाट आणखी अरुंद होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस कुठल्याही नदीला जड जाईल, हे खरं. पण त्यात भरतीची वेळ आणि हे काटकोन मिळाले. त्या दिवशी गेलेल्या माणसांचा विचार मी वर्गात मिठी शिकवताना दरवेळी करतो, आणि मुलांनाही करायला लावतो.

एक वेगळं उदाहरण देतो, म्हणजे भाषण फक्त नुकसानीचं होणार नाही. नेदरलँड्समध्ये नायमेखेन शहराजवळ वॉल नदी वळते आणि त्या वळणातच आक्रसते, कारण एका बाजूला शहर आणि दुसऱ्या बाजूला लेंट गावाचा बांध. १९९३ आणि १९९५ मध्ये तिथल्या नद्यांना मोठे पूर आले, दुसऱ्या पुरात सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यांनी लेंटचा बांध उंच केला नाही. तो ३५० मीटर मागे नेला. मधल्या जागेत नदीला दुसरं पात्र खोदून दिलं. त्यासाठी सुमारे पन्नास घरं हलवावी लागली, आणि ती माणसं काही आनंदानं गेली नाहीत. पण मोठ्या पुरात त्या वळणावर पाणी आता फूटभर कमी चढतं. ज्याचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे असा, बांधांवरच जगणारा देश हे करतो, याचं मोल मला फार वाटतं.

भाषण संपलं. प्रश्न घेऊ.

एका काकांनी विचारलंय, मग भिंत बांधायचीच नाही का? काका, जिथे दाट वस्ती आहे, देऊळ आहे, पूल आहे, तिथे काठ पक्का करावाच लागेल. पण आपल्या जुन्या माणसांनी तो कसा केला ते बघा. घाट बांधला. घाटाच्या पायऱ्या मागे मागे जातात. पाणी जसं चढतं तशी त्याला रुंदी मिळत जाते. काँक्रीटची उभी भिंत पाणी चढलं तरी तेवढीच रुंदी देते. नरसोबाच्या वाडीला कृष्णा-पंचगंगेचं पाणी पावसाळ्यात देवळात येतं, पादुकांवरून वाहतं, लोक दक्षिणद्वार सोहळा म्हणून त्यात स्नान करतात. उत्सवमूर्ती वर हलवायची पद्धत तिथे ठरलेली आहे. बांधकाम करतानाच पाणी येणार हे धरून चाललेली ती जागा आहे. आपण नवी भिंत बांधतो तेव्हा पाणी येणार नाही हे धरून चालतो. बांधायचीच असेल तर मागे सरकून बांधा, आणि तुमच्या वळणाबरोबर पुढची दोन वळणं नकाशावर घेऊन मगच बांधा. कारण काम तुमच्या काठाला होणार, पण बिल पुढच्या वळणावरच्या शेतकऱ्याला जाणार.

पूररेषेबद्दल विचारलंय. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोन्ही रेषा पाण्याची उंची सांगतात. दरड कुठे सरकणार हे त्या सांगत नाहीत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला घर असेल तर तुम्ही लाल रेषेच्या वर असूनही धोक्यात असू शकता. माझ्या मते वळणांच्या बाहेरच्या काठांसाठी तिसरी रेषा हवी, दरड किती सरकू शकते याची.

आणि शेवटी मागच्या रांगेतल्या ताई. तुमचं घर वळणाच्या बाहेरच्या बाजूला आहे, दरडीपासून चाळीस फुटांवर, आणि वरच्या वळणाला यंदा गॅबियनची, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून केलेली, भिंत झाली आहे. घाबरू नका, पण आजपासून एक काम करा. घराच्या उंबऱ्यापासून दरडीच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. दर दिवाळीला, पूर ओसरून काठ वाळल्यावर, त्याच उंबऱ्यापासून, त्याच दिशेनं पुन्हा मोजा आणि तारखेसकट आतल्या भिंतीवर खडूनं नको, ऑइलपेंटनं लिहा. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. तीन वर्षांचे आकडे झाले की दरड दरसाल किती येते ते कळेल, आणि उरलेल्या फुटांना त्यानं भागलं की तुमच्याकडे किती पावसाळे आहेत तेही कळेल. तो आकडा कुठल्याही अर्जाला जोडता येतो. आमच्या घरी कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर विहीर जाण्याआधी निदान मोटर आणि पाइप तरी बाहेर काढता आले असते.